गेनूभाऊ, छप्पर गळलं नव्हतं

गेनूभाऊ, तुमच्या दहाव्याला माझ्या हातात माइक दिला आणि मी तुमच्याबद्दल पाच मिनिटं बोलले. प्रामाणिक. कष्टाळू. मनमिळाऊ. कॉलेजच्या जुन्या दगडी इमारतीला पोटच्या पोरीसारखं जपणारे. असलं सगळं. मनमिळाऊ म्हणे! अहो, बावीस वर्षं भांडलात तुम्ही माझ्याशी. अख्ख्या कॉलेजात इतिहासाच्या बाईंना तोंडावर "बाई, तुमाला ह्यातलं कळत न्हाई" म्हणायची छाती एकट्या तुमची होती.

टाकव्याला नदीकाठी मांडव घातला होता. माझ्याआधी महाराजांचं प्रवचन झालं, आजी-माजी सरपंच बोलले, मग कुठल्याशा पतसंस्थेचे अध्यक्ष बोलले, त्यांनी तर तुमचं नावच चुकवलं. तळेगावहून येताना रिक्षात मी एकच वाक्य घोकत आले होते : गेनूभाऊंचं छप्पर गळलं नव्हतं, आणि हे मला माहीत होतं. एवढंच म्हणायचं आणि खाली बसायचं. पण समोर सगळ्या टोप्या आणि पदर दिसले, पहिल्या रांगेत तुमचा संतोष डोकं भादरून बसलेला दिसला, आणि माझ्या तोंडून 'प्रामाणिक' निघालं. बत्तीस वर्षं वर्गात बडबड केलेली बाई मी. तरी जे बोलायला आले होते ते सोडून बाकी सगळं बोलले.

आणि कावळा! पिंड ठेवला, माणसं चार पावलं मागे सरकतात न सरकतात तोच शिवला. संतोष म्हणाला, "आबांचं कायबी मागं ऱ्हायलं न्हाई." सगळ्यांना बरं वाटलं. मला नाही वाटलं. खरं सांगते, मी मनातून धरून बसले होते की कावळा अडून बसेल, कुणीतरी विचारेल, म्हाताऱ्याचं काय राह्यलंय, आणि मग मला बोलावंच लागेल. तीही सक्ती तुम्ही माझ्यावर केली नाहीत. हे मला चांगुलपणाचं वाटलं नाही हो. मला वाटलं, ह्यांनी माझ्याकडून कसली आशाच ठेवली नव्हती.

आपली ओळख झाली ती भिंतीमुळे. तुम्ही कागदोपत्री शिपाई, पण तुम्हाला टपाल वाटताना कुणी पाहिलं असेल तर शपथ. तुमचं काम म्हणजे ती इमारत. काळ्या दगडाची, बैठी, लांबलचक व्हरांड्याची, वर मंगलोरी कौलं, मधल्या कमानीत घंटा. आजूबाजूला लिफ्टवाल्या चारमजली इमारती उभ्या राहिल्या, तरी पोरंपोरी निरोपसमारंभाचे फोटो काढायला हिच्याच पायऱ्यांवर यायची. मी वाचनालयाशेजारच्या खोलीत तास घ्यायची. श्रावणात एकदा मी तुम्हाला बोलावून झापलं होतं, भिंत ओली आहे, पोरांच्या वह्या दमट होतात, तुम्ही करता काय? तुम्ही माझा हात धरलात (हो, सरळ मनगट धरलंत, मी चपापलेच) आणि पंजा भिंतीला टेकवलात. "ओली हाय ना? आता दिवाळी झाली की परत हात लावा. मंग मला बोला."

दिवाळीनंतर मी विसरले होते. तुम्ही विसरला नव्हतात. तासाला निघाले तर तुम्ही दारात उभे. "लावा हात." लावला. कोरडी ठणठणीत, आणि जरा उबदारसुद्धा. "चुन्याची भिंत हाय, बाई. पावसात पानी घेती, थंडीत सोडती. तिला सोडू द्यायचं. आपन मदी पडायचं न्हाई." त्या खोलीत मी सहा वर्षं इमारती, किल्ले, बांधकामं शिकवत होते. ज्या भिंतीला पाठ टेकून शिकवत होते तिला हात लावायचं मला कधी सुचलं नव्हतं. मी तुम्हाला थँक्यू म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊं द्या, पोरं खोळंबलीत."

तुमचं हसणंही आठवतं. मे महिन्यात कॉलेज रिकामं झालं की तुम्ही चुन्याची पाटी घेऊन पोरांनी भिंतीवर कोरलेली नावं बुजवायचात. प्रत्येक बाणाची आणि बदामाची तुम्हाला खडान्‌खडा माहिती. "ह्या दोघांचं जमलं बरं का, बाई. नवलाख उंबऱ्याला कंपनीत हायेत दोगंबी, पोरगी झाली. आन ह्याचं न्हाई जमलं. म्हनून हितं जरा दोन हात जास्ती चुना घातला, बिचाऱ्याला परत दिसाया नगं." मी हसून हसून बाकावर बसले होते. माझ्या नवऱ्याला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, आणि तेवढ्या काळात मी तशी हसले नव्हते. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

आता छपराचं. कौलं चाळायची तुमची रीत वैशाखात. टाकव्याहून चार गडी आणायचात, एकेक कौल उतरवायचं, पालापाचोळा झाडायचा, शेवाळ खरवडायचं, माकडांनी फोडलेली बाजूला काढायची, आणि पुन्हा एकात एक अडकवून बसवायची. हे सगळे करतात. तुमचं वेगळं म्हणजे शेवटची परीक्षा. परीक्षांतून उरलेल्या कोऱ्या पुरवण्यांचे गठ्ठे तुम्ही माझ्याकडून मागून घ्यायचात आणि वाचनालयाच्या फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कागदाला कागद लावून पसरायचात. मग गडी वर आढ्यावर चढून बादल्या ओतायचे. वरून पाण्याचा धबधबा, आणि खाली मी चपला काढून, कागदांमधून वाट काढत, खाली मान घालून फिरतेय! एक थेंब जरी पडला तरी कागदावर डाग उठणार, आणि डाग उठला की त्याच्यावरची कौलं पुन्हा काढायची. बघायला मीच लागायची तुम्हाला. मी म्हणायची, अहो, क्लार्कला सांगा, मला पेपर तपासायचेत. तुम्ही म्हणायचात, "मीच बसवायचं आन मीच बघायचं, ह्याला काय अर्थ हाय? दुसऱ्याचं डोळं पायजेत." दरवर्षी मी कुरकुरत यायची, आणि दरवर्षी कोरडे कागद गोळा करून गठ्ठा बांधून परत न्यायची. त्यात आमचे चाचणीचे पेपर निघायचे.

मग मी प्रभारी प्राचार्य झाले आणि माझ्या अंगात आलं.

मूल्यांकनाची समिती येणार होती. कॉलेजला चांगली श्रेणी हवी होती, आणि मला तर फारच हवी होती, प्रभारी माणसाला आपण पक्के आहोत हे दाखवायची घाई असते. जुन्या भिंती पांढरी भुकटी सोडायच्या. कुणीतरी म्हणालं, पाहुणे टेकले तर कोटाला लागेल. झालं! वाचनालयाच्या उत्तरेच्या भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा आणि पिस्ता रंगाचा ऑइलपेंट, बाहेरून दगडांच्या दरजा सिमेंटनं भरायच्या, असा हुकूम मी काढला. माझ्या सहीनं. कुणी दबाव आणला नव्हता, कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही केबिनमध्ये आलात. ठेकेदार बसला होता, दोन क्लार्क होते. तुम्ही म्हणालात, "बाई, ह्या भितीला तुमी दोनी अंगानं रेनकोट घालताय. आत घाम आला तर त्यो जायाचा कुटून?" आणि मी काय म्हटलं आठवतंय? "गेनूभाऊ, समितीला आता तुमचा घाम दाखवू का?" ठेकेदार खो खो हसला. क्लार्क हसले. मला वाटलं, जिंकलं आपण. तुम्ही टोपी नीट केलीत आणि बाहेर गेलात. सिमेंट चाललं होतं ते चार दिवस तुम्ही रजा टाकली. माझ्या आठवणीत तुमची ती एकुलती एक रजा.

समितीला भिंत आवडली. श्रेणी मिळाली. पहिले दोन पावसाळे काहीच झालं नाही, आणि मी तुम्हाला येताजाता टोचलं, काय गेनूभाऊ, कुठंय तुमचा घाम? तुम्ही म्हणायचात, "दम धरा." तिसऱ्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला तुम्ही मला वाचनालयात नेलंत. पिस्ता रंगाला टरटरून फुगे आले होते. तुम्ही एकात खिळा खुपसलात. पाणी आलं हो. संक्रांतीला, बाहेर ठणठणीत ऊन असताना, भिंतीतून पाणी. बाहेरून पाहिलं तर भिंतीचं पोट पुढे आलेलं. त्या दिवशी तुम्ही भांडला नाहीत. फार मऊ आवाजात बोललात. "बाई, अजून हातात हाय. सिमेट खरवडून काडू. दोन वर्सं उगडी ठिवू, वाळू द्या. चुना मी मळतो, माज्या आज्यानं मळलेला तसाच. ही भित आपल्या दोघांच्या पाठीमागं बी उभी ऱ्हाईल."

माझ्या निवृत्तीला वर्षभरही उरलं नव्हतं. भिंत उकलायची म्हणजे वर कळवायला हवं, कळवायचं म्हणजे सिमेंट कुणी लावलं हे आलं. मी म्हटलं, बघू. पुढचे प्राचार्य येतील ते ठरवतील. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि खिळा खिशात घातलात.

पुढच्या वैशाखात तरीही तुम्ही कौलं चाळलीत. तुमची निवृत्ती झालेली, रोजंदारीवर ठेवलेले होतात, गुडघे धरलेले, तरी वर चढलात. आणि मी पुन्हा अनवाणी कागदांमधून फिरले. एकही डाग नाही. गठ्ठा मी बांधला. माझ्या हातांनी बांधला.

आषाढातल्या एका रविवारी दुपारी भिंत पडली. सुट्टी होती म्हणून कुणी गेलं नाही, नाहीतर मी हे लिहायला जिवंत राहिले नसते. मी पोचले तेव्हा तुम्ही पावसात ढिगाऱ्यापाशी उकिडवे बसला होतात. सिमेंटच्या लांबलचक खपल्या शाबूत पडल्या होत्या, आणि दोन्ही खपल्यांच्या मधला शंभर वर्षांचा चुना चिखल होऊन वाहत होता. तुम्ही मूठभर चिखल उचलून माझ्यापुढे धरलात. आजूबाजूला लोक होते, संस्थेचे सचिव येत होते, तुम्ही तिथल्या तिथे माझं नाव घेऊ शकला असतात. तुम्ही हात पावसात धुतलेत आणि उठलात.

आठ दिवसांनी संस्थेनं लेखी खुलासा मागितला. निवृत्तीला चार महिने होते. सत्कार ठरला होता, माझी मुलगी बंगलोरहून येणार होती, माजी विद्यार्थी येणार होते. मी लिहिलं : छपरातून पाणी झिरपून भिंतीत मुरल्यामुळे ती कमकुवत झाली. सिमेंटचा शब्द नाही. तुमचं नावही नाही, तेवढी सभ्य आहे ना मी! पण त्या कॉलेजात छप्पर म्हणजे कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दुसऱ्या आठवड्यात तुम्हाला सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका.

मग तुम्ही माझ्या घरी आलात. स्टेशनजवळच्या आमच्या सोसायटीत, गेटवर वहीत नाव लिहून. सोफ्यावर बसा म्हटलं तर टोकावर बसलात. चहा घेतलात. कामाचं विचारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "बाई, मी भांडाया न्हाई आलो. फकस्त इचारतोय. छप्पर गळलं व्हतं का?"

मी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

"तुमी तर कागुद येचलं व्हतं."

मी म्हटलं, हो, मी बोलते साहेबांशी. बघू.

"मला काम नगं. वय झालं. पर एकदा चार मान्सांत तुमी सांगा का छप्पर गळलं नव्हतं. बास."

बघू, मी म्हटलं. तुम्ही कप मोरीपाशी नेऊन विसळून ठेवलात आणि गेलात. माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रात 'वारशाच्या जतनकर्त्या' असं लिहिलंय. ते मी कपाटाच्या मागे सरकवून ठेवलंय, पण टाकूनही दिलेलं नाही, अशी मी.

तुम्हाला काय काय सोसावं लागलं ते मला दहाव्याच्या दिवशी कळलं. पाणी प्यायला मी मांडवाच्या मागे गेले तर दोघं बोलत होते. एकजण म्हणाला, म्हातारा गुणी व्हता, पर शेवटाला हात ढिला पडला त्याचा, कॉलेजची भित त्याच्याच पायी पडली. दुसरा म्हणाला, म्हनून तर देवळाचं छप्पर त्याला दिलं न्हाई. गावच्या देवळाचं छप्पर, गेनूभाऊ! जे तुमच्या आज्यापासून तुमच्या घरात होतं. अडीच वर्षं तुम्ही त्या देवळासमोरून रोज गेलात, आणि वर दुसऱ्याचे गडी बसलेले पाहिलेत. आणि मी इकडे गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी दहा मिनिटांनी माइक हातात आला तेव्हा मी काय बोलले? मनमिळाऊ!

मागच्या दसऱ्याला तुमचा फोन आला होता. स्क्रीनवर नाव बघून मी तो वाजू दिला. वाटलं, पुन्हा तेच विचारतील. आता वाटतं, नुसतं सोनं घ्या म्हणायला केला असेल. काय ते मला कधीच कळणार नाही.

भिंत पडली म्हणून सगळी इमारत तपासली आणि सगळीच धोकादायक ठरली. कारण कागदावर छप्पर होतं, म्हणजे वय झालं, म्हणजे पाडा. सिमेंट फक्त त्या एका भिंतीला होतं, बाकीच्या भिंती धडधाकट आहेत, हे सांगणारा माणूस हाकललेला, आणि हे माहीत असलेली बाई शाल पांघरून घरी. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी सचिवांना पत्र लिहिलं, सगळं खरं लिहिलं. त्यांनी फोन केला. अगदी गोड बोलले. "मॅडम, आता कशाला? निविदा निघाली. तुमच्याही नावाला उगाच डाग." मी म्हटलं, डाग लागावा म्हणूनच लिहिलंय. ते हसले, त्यांना तो विनोद वाटला. म्हणाले, रविवारी माजी विद्यार्थ्यांची सभा ठेवलीय, इमारतीचा निरोप घ्यायला. तुम्ही पाच मिनिटं बोला, जुन्या आठवणी, जरा हलकंफुलकं.

सोमवारी मी जाऊन आले. व्हरांड्यावरची कौलं उतरवायला घेतलीत. सागवान आणि कौलं लोणावळ्याच्या कुठल्याशा रिसॉर्टनं घेतलीत म्हणे, तिथे जेवणाचा हॉल करणार आहेत. खाली रिपांचा ढीग पडला होता, कौलं ज्यांच्यावर बसतात त्या पट्ट्या. काम करणाऱ्या माणसाला मी विचारलं, लाकूड कसं आहे हो? तो म्हणाला, "लय भारी, म्याडम. पान्याचा डाग न्हाई कुटं. ज्यानं छप्पर संबाळलं त्याला मानलं पायजे." मी त्याला तुमचं नाव सांगितलं. त्यानं बरं म्हटलं आणि पुढची रीप उचलली. मी तिथेच पायरीवर बसून रडले, भर दुपारी, सगळ्यांदेखत. वॉचमननं पाणी आणून दिलं.

काल टाकव्याला गेले. हौसावहिनी ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. संतोष कंपनीत गेला होता. बरंच झालं. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. सिमेंट, फुगे, खुलासा, तुम्ही घरी आलात ते, मी बघू म्हटलं ते. काही गाळलं नाही. वहिनींचा हात थांबला नाही. शेवटी म्हणाल्या, "मला ठावं हाय."

"गेनूभाऊंनी सांगितलं?"

"न्हाई. त्ये तर तुमची बाजू घ्यायचे. संतोष चिडला व्हता, कॉलेजात जाऊन जाब इचारतो म्हनला. तर त्याला म्हनले, बाईंनी लय सांगून बगितलं, वरच्यांनी ऐकलं न्हाई."

मी विचारलं, मग तुम्हाला कसं कळलं?

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "अवो बाई, बावीस वर्सं घरात तुमचंच. बाई असं म्हनल्या, बाई तसं म्हनल्या. भांडान झालं तरी भाकरी खाताना त्येच. त्या दिवशी तुमच्या घरनं आले, आन मंग तुमचं नावच काडलं न्हाई कदी. संतोषला गप करायपुरतं तेवडं काडलं. मला कळाया आनि काय पायजे?"

मी हात जोडले, माफ करा म्हटलं. वहिनींनी ते ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. सूप पाखडून म्हणाल्या, "हितं मला सांगून काय व्हनार? मी कुटं म्हनत व्हते छप्पर गळलं? नदीवर सांगायचं व्हतं. समदं गाव बसलं व्हतं."

मी रविवारच्या सभेचं सांगितलं. म्हटलं, तिथे सगळ्यांसमोर सांगणार आहे, सचिव असतील, माजी विद्यार्थी असतील, कॉलेजातले सगळे असतील. टाकव्याच्या माणसांसाठी गाडी पाठवते. वहिनींनी निवडलेले तांदूळ डब्यात ओतले. मग म्हणाल्या, "गाडी नगं. संतोष आनंल. देवळाच्या पंचांना बी घिऊन यिऊ. पर मी म्होरं न्हाई बसायची. पार शेवटाला बसंन. तितवर ऐकू आलं पायजे."

म्हणून हे लिहितेय, गेनूभाऊ. सचिवांना मी दुसराच कागद दाखवलाय, घंटेच्या आणि कमानीच्या आठवणींचा, त्यांना फार आवडला. वाचणार हा. इमारत काही वाचत नाही, ते मला कळून चुकलंय. माफी तुम्ही द्याल न द्याल, आता कुणाला विचारू? तुम्ही मागितलं होतं ते फक्त चार माणसांत एक वाक्य, आणि तेवढ्यासाठी मी तुम्हाला मरेपर्यंत थांबवलं.

आज सकाळपासून घरात दोनदा मोठ्यानं वाचून पाहिलं. दोन्ही वेळा 'मी लिहिलं' इथे आवाज बसला. रविवारी बसला तर थांबेन, पाणी पिईन आणि तेच वाक्य पहिल्यापासून म्हणेन. शेवटच्या रांगेतून वहिनींनी मान हलवली की मगच पुढचं वाचेन.